प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर

बुलढाणा की बुलडाणा? पाटीवर एक, पावतीवर दुसरं, अशी दोन्ही रूपं जिल्ह्यात सर्रास दिसतात आणि माणसांचं त्यावाचून काही अडत नाही. पण हेच नाव एखाद्या वेब सेवेच्या पत्त्यात गेलं की गोष्ट बदलते. ब्राउझरच्या पट्टीत आपल्याला देवनागरी दिसत असली, तरी तारेवरून अक्षर तसंच्या तसं जात नाही. त्याचे तीन बाइट होतात, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व पुढे दोन खुणा अशा तीन जागा घेतो. ‘ढ’ जातो तो %ई०%ए४%ए२ असा, आणि ‘ड’ जातो तो %ई०%ए४%ए१ असा. फरक फक्त शेवटच्या खुणेचा. ‘बुलढाणा’ या शब्दात उकार-काने धरून सात चिन्हं आहेत. पत्त्यात त्यांची ६३ होतात. त्या ६३ मधली एक बदलली की समोरच्या संगणकाला आख्खा जिल्हाच सापडत नाही.

असं नाव पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे येतं, आणि तिथल्या मजकुराला ‘क्वेरी’ म्हणतात. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मासिंटर यांच्या आरएफसी ३९८६ या जानेवारी २००५ च्या दस्तऐवजात पत्त्याची रचना ठरवून दिली आहे. प्रश्नचिन्हापासून क्वेरी सुरू होते आणि हॅशचं चिन्ह आलं तर तिथे, नाहीतर पत्त्याच्या शेवटी संपते. तिच्यात ‘नाव=मूल्य’ अशा जोड्या ‘&’ने सांधायच्या, हा मात्र एचटीएमएलच्या फॉर्मपासून पडलेला रिवाज. या जोड्या म्हणजेच क्वेरी पॅरामीटर.

त्यांचं खरं स्वरूप समजून घ्यायला बाजार समितीसारखी जागा नाही. खामगावच्या एखाद्या अडत्याला फोन करून नुसतं ‘काय भाव?’ विचारलं, तर तो उलट विचारतो, ‘कशाचा?’ तूर म्हटलं तर लाल की पांढरी, आजचा भाव की कालचा. विचारणारा जेवढं सांगतो तेवढं तो धरतो. जे सांगितलं नाही ते विचारून घेतो किंवा रिवाजाप्रमाणे समजून घेतो. आणि जे कळलंच नाही त्यावर आकडा ठोकून देत नाही. जावा या संगणकभाषेत वेब सेवा लिहिणाऱ्याला नेमकं हेच करायचं असतं. संगणकाला आपणहून उलट प्रश्न सुचत नाही; तो आपण आधी लिहून ठेवावा लागतो.

याचं खरंखुरं उदाहरण रोज चालू आहे. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर, म्हणजे २०१२ साली सुरू झालेल्या डेटा डॉट जीओव्ही डॉट इनवर, देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. मूळ नोंदी २००० सालापासून चालणाऱ्या ‘अ‍ॅगमार्कनेट’च्या. प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, आवकेची तारीख आणि क्विंटलमागे तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि आपल्याकडे ज्याला सर्वसाधारण दर म्हणतात तो. संगणकाच्या कार्यक्रमातून, म्हणजे प्रोग्रॅममधून, ही माहिती मागवायची तर पत्त्यात राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात आणि प्रत अशा सहा चाळण्या लावता येतात. कोणतीही लावा, कोणतीही सोडा. किती नोंदी हव्या आणि कितव्या नोंदीपासून हव्या, हेही वेगळ्या पॅरामीटरने सांगता येतं.

अशा पॅरामीटरना ‘डायनॅमिक’ म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ इथे उघड होतो. सहा चाळण्या, प्रत्येक लावलेली किंवा न लावलेली, म्हणजे चौसष्ट प्रकारचे प्रश्न. चौसष्ट वेगवेगळ्या पद्धती (मेथड) कुणी लिहीत बसत नाही. प्रश्न जसा येईल तसा धावतेवेळी तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो.

समजा, शेगावच्या किंवा बुलढाण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी फक्त आपल्या जिल्ह्यासाठी भावाची सेवा जावात बांधायला घेतली. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, नांदुरा, देऊळगाव राजा अशा बाजारांचे भाव, मराठीत. पत्ता असा काही दिसेल: भाव?बाजार=खामगाव&शेतमाल=सोयाबीन. जावाकडे हा मजकूर उलगडायची तीन तऱ्हेची सोय आहे. सगळ्यांत जुनी सर्व्हलेटची: ‘गेटपॅरामीटर’ला नाव द्या, मूल्य घ्या. २००८ साली जॅक्स-आरएस आलं. त्यात ‘क्वेरीपॅरम’ ही खूण पद्धतीच्या डोक्यावर न लावता थेट तिच्या एकेका चलाला लावतात. आणि आज बहुतेक ठिकाणी दिसतं ते स्प्रिंग, त्यातली खूण ‘रिक्वेस्टपॅरम’. तिन्हींत सगळे पॅरामीटर एकगठ्ठा, नाव आणि मूल्यं अशा जोड्यांच्या ‘मॅप’च्या रूपातही घेता येतात. नावं आधी माहीत नसतील तेव्हा हाच मार्ग. स्प्रिंगमध्ये साधा ‘मॅप’ घेतला तर एका नावाचं पहिलंच मूल्य हाती येतं; ‘बाजार=खामगाव&बाजार=मेहकर’ यातला मेहकर गुपचूप गळतो. दोन्ही हवे असतील तर ‘मल्टीव्हॅल्यूमॅप’ घ्यायचा.

पॅरामीटर न देणं आणि रिकामा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखा माणूस पहिल्यांदा इथेच ठेचकाळतो. पत्त्यात ‘शेतमाल’ हे नावच नसेल तर सर्व्हलेट ‘नल’ देतं, म्हणजे काहीच नाही. ‘शेतमाल=’ एवढंच लिहून पुढे काही नसेल तर रिकामी अक्षरमाला देतं. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये कुणी रकाना मोकळा सोडला की दुसरा प्रकार येतो. तो जसाच्या तसा डेटाबेसपर्यंत गेला, तर ज्याचं नाव रिकामं आहे असा शेतमाल शोधला जातो आणि उत्तर येतं शून्य नोंदी. शेतकऱ्याच्या पडद्यावर दिसतं, आज भाव नाही. भाव असतो, विचारणाऱ्याने नाव घेतलेलं नसतं, एवढंच.

स्प्रिंगमध्ये खुणेला काही न सांगता ठेवलं तर तो पॅरामीटर सक्तीचा धरला जातो आणि नसला तर ४०० क्रमांकाची चूक परत जाते. ऐच्छिक केला पण चल ‘इंट’ या मूळ प्रकाराचा ठेवला, तर वेगळीच अडचण. ‘इंट’मध्ये शून्य मावतं, ‘काहीच नाही’ मावत नाही. मग पॅरामीटर गाळणाऱ्या पहिल्याच माणसाला ५०० ची चूक मिळते, जणू सर्व्हरच बिघडला. तिथे ‘इंटिजर’ घ्यावा किंवा ठरलेलं मूल्य लिहून ठेवावं. हे ठरलेलं मूल्य स्प्रिंग रिकाम्या पॅरामीटरलाही लावतं, आणि ते बहुधा आपल्या सोयीचंच असतं.

पण माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान करणारा प्रकार चुकीचा संदेश देत नाही, तो बरोबर असल्यासारखा दिसतो. काही वर्षांपूर्वी मी एका सेवेवरून भाव ओढत होतो. जिल्ह्याच्या पॅरामीटरचं नाव लिहिताना एक अक्षर राहिलं. सर्व्हरने २०० म्हणजे ‘सगळं ठीक’ असं उत्तर दिलं आणि नोंदी पाठवल्या. त्याला ते नाव ओळखीचं नव्हतं, म्हणून त्याने ते सोडून दिलं. आणि जिल्ह्याची चाळणीच न लागल्यामुळे भलत्याच जिल्ह्यांचे दर बुलढाण्याचे म्हणून माझ्या तक्त्यात येऊन बसले. सोयाबीनचे दर जिल्ह्याजिल्ह्यांत फार लांब नसतात, त्यामुळे आकडे बघून शंका येईना. दोन दिवसांनी एका छोट्या तालुक्याच्या नावापुढे न पटणारी आवक दिसली, तेव्हा चूक सापडली. त्या दोन दिवसांत कुणी ते आकडे बघून माल विकायला काढला असता, तर?

सर्व्हलेट, जॅक्स-आरएस, स्प्रिंग, तिघांचीही मूळ वागणूक हीच आहे. ज्या नावाची मागणी कार्यक्रमात लिहिलेली नाही ते नाव ती न बोलता बाजूला ठेवतात. म्हणून हा पहारा आपणच बसवावा लागतो. काम चार ओळींचं आहे. आपल्याला माहीत असलेल्या नावांचा एक संच करायचा. आलेल्या सगळ्या नावांतून तो वजा करायचा. काही उरलं तर प्रश्न परत पाठवायचा आणि उत्तरात उरलेलं नाव लिहायचं. माणसं ज्या पत्त्यावर थेट येतात त्या पानांना मात्र ही शिस्त लावू नये, कारण फेसबुकसारखी माध्यमं दुव्याला आपलं शेपूट जोडून देतात आणि वाचकाचा त्यात दोष नसतो. कार्यक्रमांनी एकमेकांशी बोलायच्या सेवेत मात्र कडक असणं हाच प्रामाणिकपणा.

एका नावाला अनेक मूल्यं असण्याचा मुद्दा वर आला, त्यात आणखी एक वळण आहे. स्प्रिंगमध्ये ‘लिस्ट’ मागितली आणि ‘बाजार=खामगाव,मेहकर’ असं एकच मूल्य आलं, तर ते स्वल्पविरामावर आपोआप तुटतं आणि दोन बाजार मिळतात. सोयीचं आहे, जोवर नावातच स्वल्पविराम नाही तोवर. एकच मूल्य असताना तुटतं, तेच नाव दोनदा आलं तर तुटत नाही. हे ठाऊक नसलं की अधूनमधून उगवणारी चूक दिवसभर शोधावी लागते.

सरकारी सेवेत चाळणीचं नाव चौकोनी कंसात येतं: आधी ‘फिल्टर्स’, मग कंसात ‘डिस्ट्रिक्ट’. तीच शैली आपल्या सेवेत आणावी असं कुणालाही वाटेल, आणि तिथे टॉमकॅट आडवा येतो. जावाच्या वेब सेवा ज्या सर्व्हरवर सर्रास चालतात तो हा टॉमकॅट पत्त्यातले उघडे चौकोनी कंस स्वीकारत नाही. आरएफसीत त्यांना त्या जागी परवानगी नाही, म्हणून तो आपल्या कार्यक्रमापर्यंत प्रश्न येऊच न देता ४०० देऊन मोकळा होतो. कार्यक्रमाच्या नोंदवहीत अनेकदा काहीच उमटत नाही आणि लिहिणारा आपल्याच कोडमध्ये चूक शोधत राहतो. कंस टक्केवारीच्या रूपात पाठवायचे, किंवा टॉमकॅटच्या जोडणीत ती सूट मागून घ्यायची. मी तर म्हणेन, नवी सेवा बांधताना कंसच नकोत; सरळ ‘जिल्हा=’ पुरे.

मराठीला टॉमकॅटने एकेकाळी जास्तच छळलं आहे. सातव्या आवृत्तीपर्यंत तो पत्ता वाचताना पश्चिम युरोपची अक्षरसंहिता धरून चालायचा. प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन बाइट तीन अनोळखी चिन्हं होऊन समोर यायचे, आणि वेगळी सूचना लिहून ठेवेपर्यंत ‘मेहकर’चा कडबा व्हायचा. आठव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरलं जातं. एक हिशेब मात्र आजही मराठीच्या विरोधात आहे. विनंतीची पहिली ओळ आणि मथळे मिळून टॉमकॅटची नेहमीची मर्यादा ८ किलोबाइटची. इंग्रजी अक्षराला तिथे एक जागा लागते, आपल्या प्रत्येक चिन्हाला नऊ. लांबलचक शोध पत्त्यातून मराठीत पाठवायचा असेल तर हे आधीच मोजून ठेवावं.

आता नावांकडे येऊ, कारण या जिल्ह्याची खरी परीक्षा तिथे आहे. बाजाराचं नाव शोधताना अनेक जण ‘यात हे अक्षर कुठेतरी असलं की चालेल’ अशी सैल तुलना लिहितात. मग ‘जळगाव’ विचारणाऱ्या खानदेशातल्या माणसाला सातपुड्याच्या पायथ्याचं जळगाव जामोदही मिळतं, आणि त्या दोन बाजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मलकापूर तर कराडजवळ आहे, शाहूवाडीत आहे आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावर आपल्याकडेही आहे. म्हणून बाजाराबरोबर जिल्हा विचारावा, तुलना नेमकी ठेवावी, आणि त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक बाजाराला एक ठरीव संकेतांक द्यावा. नाव माणसासाठी, संकेतांक संगणकासाठी. शेतमालाचंही तसंच. अ‍ॅगमार्कनेटमध्ये आपली तूर ‘अरहर’ या नावाखाली नोंदलेली असते, आणि तूर हा शब्द कंसात तिरक्या रेघेच्या आधी बसलेला. नुसतं ‘तूर’ नेमकं शोधलं तर हाती काही लागत नाही.

मोताळा तालुक्यातलं कोऱ्हाळा बाजार घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ तीन प्रकारे टंकता येतो. एक म्हणजे युनिकोडमधला स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन. दुसरा, साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन. तिसरा, ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र तिन्हींचे वेगळे. जावातला ‘नॉर्मलायझर’ हा वर्ग पहिल्या दोघांना एकाच रूपात आणतो. तिसऱ्याला तो हात लावत नाही. तिथे न दिसणारं चिन्ह नुसतं उडवून दिलं तर ‘ऱ्ह’चा ‘र्ह’ होऊन रफार डोक्यावर जाईल. म्हणून ‘र’, हलन्त आणि ते चिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त बसवावा लागतो. इंग्रजीत लिहिलेल्या नेहमीच्या मार्गदर्शिकांत हे सहसा सापडत नाही. मराठी सेवा लिहिणाऱ्यानेच हे करायचं आहे. फोनचा कळफलक शब्द सुचवताना शेवटी एक मोकळी जागाही सोडतो. ती छाटणं त्या मानाने सोपं.

आकड्यांच्या बाबतीत जावा मराठीला अनपेक्षित साथ देते. ‘किमान=५०००’ असं देवनागरी आकड्यांत आलं तरी ‘इंटिजर’ ते बरोबर वाचतो, कारण अंक ओळखताना जावा युनिकोडमधले सगळे दशमान अंक मान्य करते. पण त्याच्या आधी कुणी ‘फक्त आकडे आहेत ना’ हे तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशन लावलं असेल, तर ते मूळ वागणुकीत इंग्रजी आकडेच ओळखतं आणि बरोबर आलेली संख्या दारातूनच परत जाते. तारखेच्या बाबतीत मात्र हट्ट धरावा. ०४/०५ म्हणजे आपल्याला चार मे, अमेरिकी सवयीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीला पाच एप्रिल. वर्ष, महिना, दिवस या क्रमाचंच रूप स्वीकारावं.

सगळं नीट ओळखलं, तपासलं, की मग डेटाबेसचा प्रश्न जुळवायचा. जो पॅरामीटर आला त्याची एक अट. नाही आला तर अटच नाही. जेपीएच्या ‘क्रायटेरिया’मध्ये किंवा स्प्रिंगच्या ‘स्पेसिफिकेशन’मध्ये अटींची यादी करून शेवटी त्या ‘आणि’ने सांधतात. साध्या एसक्यूएलमध्येही तेच करता येतं, एक पथ्य पाळून: मूल्य कधीही वाक्यात चिकटवायचं नाही. चिकटवलं तर अवतरणचिन्ह टाकून कुणीही वाक्य मध्येच संपवतो आणि पुढे आपलं लिहितो. जेफ फॉरिस्टालने डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात हा धोका मांडला. त्यावरचा उपाय, ‘प्रिपेअर्डस्टेटमेंट’, जावात त्याच्याही आधी, १९९७ पासून होता. वाक्यात प्रश्नचिन्हं ठेवायची आणि मूल्यं वेगळी पाठवायची. मात्र ‘दराप्रमाणे लावा’ की ‘आवकेप्रमाणे लावा’ हे सांगणारा पॅरामीटर असा वेगळा पाठवता येत नाही, कारण रकान्याचं नाव वाक्याचाच भाग असतं. तिथे परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवावी आणि आलेलं नाव त्या यादीतूनच उचलावं. क्रम ठरवलेलाच नसेल तर पानापानाने नोंदी मागणाऱ्याला एकच नोंद दोनदा मिळू शकते आणि एखादी निसटू शकते. नोंदींच्या संख्येलाही वरून मर्यादा हवी. कुणी एका दमात दहा लाख मागेल.

आणि मोबाइल क्रमांक, आधार, सात-बाराचा तपशील, हे काही पत्त्यात येऊ देऊ नये. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो आणि सर्व्हरच्या नोंदवहीत उमटतो.

शेवटी उरतो शून्य नोंदींचा प्रश्न. रविवारी बाजार बंद असेल, अमावास्येला हर्रास झाली नसेल, तेव्हा उत्तर रिकामं येतं आणि ते बरोबर असतं: २०० आणि मोकळी यादी. पण बाजाराचं नावच यादीत नसेल तेव्हाही तसंच रिकामं उत्तर दिलं, तर विचारणाऱ्याला वाटतं की आज आवक नाही, आणि तो उद्याची वाट बघत बसतो. म्हणून आधी नाव यादीत आहे का ते बघावं, मग भाव शोधावा. नाव नसेल तर ४०० आणि त्यासोबत माणसाला वाचता येईल असं एक वाक्य: ‘मलकापुर’ नावाचा बाजार यादीत नाही, बुलढाणा जिल्ह्यातलं ‘मलकापूर’ हवं आहे का?